सासऱ्यांचा ड्रॉपर, माझा पिस्टन

माझे आणि सासऱ्यांचे वाद होतात, असं मी कॉलेजात सांगितलं की स्टाफरूममधल्या बायका लगेच खुर्ची पुढे ओढतात. मग मी सांगते की वाद पेनात शाई कशी भरावी यावर आहे, आणि त्यांचा विरस होतो. पण खोटं काय सांगायचं? आठ वर्षांत आम्ही दोघं दुसऱ्या कशावरूनही भांडलेलो नाही.

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजूच्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. आठ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे संगमनेरला राहायला आले, ते एक ट्रंक, एक वळकटी आणि तीन शाईची पेनं घेऊन. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि शाईच्या पेनाचा नाद मलाही शाळेपासूनचा. नवरा दूध संघात नोकरीला आहे. तो हाताला लागेल त्या बॉलपेनने लिहितो आणि त्याचं टोपण कुठं गेलं हे त्याला कधीच ठाऊक नसतं, तेव्हा त्याला या गोष्टीत धरायचं कारण नाही.

रविवारी पोहे झाले की गॅलरीत जुना पेपर अंथरायचा. त्यावर शाईची बाटली, वाटीत पाणी आणि एक फडकं. आठवड्याची पेनं धुवायची, पुसायची, भरायची आणि भरता भरता एकमेकांच्या पेनांची उणीदुणी काढायची, हा आमचा कार्यक्रम.

अण्णांचा पक्ष ड्रॉपरचा. पेनाची मान फिरवून काढायची, ड्रॉपरने बाटलीतली शाई उचलायची आणि पेनाच्या पोटात सोडायची. आत ना नळी, ना पंप, सगळं पोटच शाईचं. एकदा भरलं की आठ-दहा दिवस बघायला नको. बिघडण्यासारखं आत काही नाहीच तर बिघडणार काय, असं अण्णा म्हणत. माझं म्हणणं, ते बिघडत नाही पण ओकतं. शाई निम्म्याच्या खाली आली की पोटात हवा साठते, हाताच्या उबेने ती फुगते आणि कागदावर टपकन ठिपका पडतो. एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नका. हे मी त्यांना एकदा आकृती काढून समजावलं. त्यांनी आकृती शांतपणे पाहिली आणि विचारलं की पेन निम्म्यावर येऊच कशाला द्यायचं? पेचाला जरासं व्हॅसलीन लावावं, पेन कायम भरलेलं ठेवावं, तुझ्या हवेला जागाच राहत नाही. मी विषय बदलला.

माझा पक्ष पिस्टनचा. निब शाईत बुडवून पेनाचं शेपूट फिरवलं की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि पेन आपण होऊन शाई पितं. ड्रॉपर नको, मान काढायला नको, सांडलवंड नको. अण्णांना ते पटत नसे. पेनाने शाई प्यायची आणि आपण त्याचं शेपूट पिरगाळत बसायचं, हे काय बैल हाकणं आहे का, असं ते विचारत. शिवाय दट्ट्या आत अडकला की पेन पुण्याला पाठवण्यावाचून गत्यंतर नाही, हा त्यांचा मुद्दा खरा होता, आणि तो मी कधीच कबूल केला नाही.

बाकीच्या तऱ्हांबद्दल मात्र आमचं एकमत होतं. रबरी नळी दाबून भरायचं एक पेन अण्णांना निवृत्तीच्या वेळी मिळालं होतं, त्याची नळी कडक होऊन चिरली. कन्व्हर्टर म्हणजे पेनातून काढता-घालता येणारा बोटभर पंप. माझ्या एका पेनाला तो आहे, पण त्यात शाई मावते ती दोन दिवसांपुरती. आणि कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली प्लास्टिकची नळकांडी, पेनात खुपसायची आणि संपली की फेकून द्यायची. तिला आम्ही दोघं पिशवीतलं दूध म्हणायचो. लेकीने पुण्याहून मला वाढदिवसाला कार्ट्रिजचं पेन पाठवलं तेव्हा मी तिला छान आहे म्हणून कळवलं आणि पेन कपाटात टाकलं.

निवृत्तीनंतरही अण्णांचं एक काम सुटलं नव्हतं. दर जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या आधी शाळेची कोरी प्रशस्तिपत्रकं त्यांच्याकडे यायची. मुलाचं नाव, इयत्ता आणि बक्षीस कशाबद्दल, अशा तीन ओळी शाईने, अण्णांच्या हातच्या. त्या भागातली कितीतरी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. पोर गावी आजीजवळ राहून शिकतं, बक्षीस घेतं आणि आईबाप परत आले की त्यांच्या हातात ते पत्रक ठेवतं. अशी पत्रकं चौकटीत घालून भिंतीला लावलेली मी स्वतः पाहिली आहेत, किराणा दुकानात, दवाखान्यात, एकदा तर पिठाच्या गिरणीत. त्यामुळे एक वेलांटी चुकली तरी अण्णा अख्खं पत्रक बाजूला टाकून नवं घेत. वर्षभर बाकी ते काय लिहायचे? भाजीची यादी आणि पेन्शनच्या कागदावर सही. तेव्हा जानेवारी हाच त्यांचा खरा महिना होता.

गेली दोन वर्षं काही गोष्टी माझ्यासमोर घडत होत्या आणि मी बघत नव्हते. रविवारी अण्णा गॅलरीत यायचे, पण पेन आधीच भरलेलं असायचं. कालच भरलं, असं म्हणायचे आणि फडक्याने नुसती निब पुसत बसायचे. बाथरूमचं बेसिन अधूनमधून निळं दिसायचं. काचेचे दोन ड्रॉपर फुटले. हल्लीच्या ड्रॉपरचं रबर चांगलं येत नाही, हातातून निसटतं, असं ते म्हणाले तेव्हा मी हसून म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तेही माझ्याबरोबर हसले.

या जानेवारीत शाळेचा शिपाई गठ्ठा घेऊन आला. तिसगावहून नगर, नगरला एसटी बदलून संगमनेर. अण्णांच्याच काळात लागलेला माणूस, आता तोही निवृत्तीला टेकला आहे. चहा पिताना त्याने नव्या मुख्याध्यापकांचा निरोप सांगितला, आणि सांगताना तो बशीकडे बघत होता.

"सर, औंदा पोरं लई हायेत, शंभराच्या वर. साहेब म्हनले, सरांना जमत नसंल तर तरास देऊ नका, नगरला कम्प्युटरवर छापून घेऊ."

अण्णांनी गठ्ठा आपल्याकडे ओढला आणि पंधरा दिवसांनी ये, असं सांगितलं. शिपाई गेल्यावर ते बराच वेळ त्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसले. या वर्षी नावं छापली गेली तर पुढच्या वर्षी गठ्ठा येणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना मी त्यांना माझं कन्व्हर्टरचं पेन काढून दिलं. हेतू चांगला होता. ड्रॉपरच्या पेनाने ठिपका पडला तर पत्रक वाया जाईल, त्यापेक्षा हे बरं, असं माझं गणित. कन्व्हर्टरची बारीक कळ कशी फिरवायची ते मी दोनदा करून दाखवलं आणि वर तासाभराचं व्याख्यान दहा मिनिटांत उरकलं. अण्णा हो हो म्हणाले. घरात दिवसभर तेच एकटे असणार होते.

दुपारी प्रॅक्टिकल आटोपून आले तर टेबलावर शाई पसरलेली. अकरा पत्रकं गेली होती, लिहून झालेली सहा, हातातलं एक आणि खालची कोरी चार. माझं पेन मान काढून पडलं होतं, कन्व्हर्टर बाहेर, आणि शेजारी ड्रॉपर. म्हणजे यांनी कन्व्हर्टर काढून टाकला आणि पेनाचं पोट ड्रॉपरने काठोकाठ भरलं. त्या पेनाची मान नुसती पेचावर बसते, शाई अडवायला आत रबरी कडी नाही. सातव्या नावाला सगळी शाई पेचातून बाहेर आली. अण्णा फडक्याने टेबल पुसत होते आणि शाई आणखी पसरत होती.

माझं डोकं फिरलं. "अण्णा, सकाळी मी काय सांगितलं होतं? इतकं सोपं करून दिलं तरी तुम्ही आपलं तेच करणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

फडकं खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मग म्हणाले, शाळेत फोन कर आणि छापून घ्या म्हणून सांग. आवाज अगदी साधा होता, भाजी आणायची राहिली हे सांगावं तसा.

मी तणतणत लिंबाची फोड आणि ओलं फडकं आणलं, खुर्ची ओढली आणि शाई पुसायला त्यांचा उजवा हात ओढून घेतला. तो माझ्या हातात थरथरत होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, आपलीआपण, थांबत नव्हती. मी हात घट्ट धरला तरी थांबली नाहीत. मग माझं लक्ष कन्व्हर्टरकडे गेलं. त्याच्या त्या गव्हाएवढ्या कळीवर आणि सगळीकडे निळ्या बोटांचे ठसे होते, एकावर एक, किती तरी. त्यांनी माझं ऐकलं होतं. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता, आणि कळ बोटांत धरता आली नाही तेव्हा नाइलाजाने दोन्ही हातांनी ड्रॉपर धरून पेन भरलं होतं.

"लिहिताना होत नाही," अण्णा म्हणाले. "निब कागदाला टेकली की हात ठरतो. हवेत असला की नाचतो."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. अंगणाची म्हण आठवली, आणि ते हसले होते तेही आठवलं. तोंडातून माफीचा शब्द निघेना. मी नुसती त्यांची बोटं पुसत राहिले, न निघणारी शाई निघतेय असं दाखवत.

शाळेत फोन केला, पण वीस कोरी पत्रकं जास्तीची पाठवा एवढंच सांगितलं. अण्णांना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि फरक पडायला काही आठवडे लागतील म्हणाले. आठवडे आमच्याकडे नव्हते. बारा दिवस होते.

मग मी स्वयंपाकघरात दार लावून बसले. डाव्या हाताच्या बोटांना तेल चोळलं, अंगठा आणि पहिलं बोट चिकटपट्टीने बांधून टाकलं आणि घरातली यच्चयावत पेनं त्या हाताने भरून पाहिली. ड्रॉपर बाटलीबाहेरच गळाला. माझ्या लाडक्या पिस्टनचं शेपूट जागचं हललं नाही. वीस वर्षं मी त्याची तरफदारी केली, ती सगळी दोन धडधाकट बोटांच्या जोरावर होती. चिमटीत धरायचं जे जे होतं ते सगळं बाद. शेवटी कपाटातून लेकीचं पेन काढलं. कार्ट्रिजला चिमूट लागत नाही. ती नीट उभी असली तर पेनाची मान मुठीत धरून वरून दाबायची, टक् करून बसते. तिला फक्त मनगटाचा जोर लागतो, आणि तो अण्णांकडे भरपूर होता. पिशवीतल्या दुधाने मला हरवलं.

सोबत आलेल्या कार्ट्रिज सहाच होत्या. रिकामी झालेली पुन्हा भरता येते, सुईने. मी मेडिकलमध्ये जाऊन सिरिंज मागितली. कुणाला टोचायचं आहे, असं दुकानदाराने विचारलं आणि मी पेनाला म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. पुन्हा भरलेल्या कार्ट्रिजचं तोंड उघडंच राहतं, आडवी झाली की सांडते, म्हणून सुताराकडून एका लाकडी ठोकळ्याला सहा भोकं पाडून घेतली. भोकात कार्ट्रिज उभी राहिली की हलत नाही.

सहाही कार्ट्रिज रिकाम्या करून मी त्यांत अण्णांची शाई भरली आणि तो ठोकळा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पाहिला, कल्पनेचं कौतुक केलं आणि बाजूला सरकवला.

"मग पेन मी कुठं भरलं? तू भरलंस," ते म्हणाले.

हे मला अपेक्षित होतं. शाळेत त्यांचा नियमच होता, ज्याचं पेन त्याने भरायचं. परीक्षेला कुणी रिकामं पेन घेऊन आला तर ते बाटली आणि ड्रॉपर पुढे करत, पण कितीही रडला तरी भरून देत नसत. ज्याला पेन भरता येत नाही त्याने लिहिण्याच्या गोष्टी करू नयेत, असं तीस वर्षं मुलांना सांगितलेला माणूस आता सुनेने भरलेल्या शाईने लिहिणार कसा?

तेव्हा कुठं माझ्या तोंडून माफी निघाली. मी म्हटलं की परवा मी ओरडले ते चुकलं, त्या आधीची म्हणसुद्धा चुकली, मी रोज तुमच्यासमोर बसून काहीच पाहिलं नाही. अण्णांनी हात हलवून ते उडवून लावलं. मी विचारलं, हे कधीपासून आहे? दोन वर्षं, असं ते म्हणाले. शनिवारी मी कॉलेजात असताना ते बेसिनमध्ये वाकून पेन भरायचे. कधी तासभर लागायचा, निम्मी शाई बेसिनमध्ये जायची, मग बेसिन घासायचं, बोटं घासायची. रविवारी गॅलरीत यायच्या आत पेन भरलेलं असलं पाहिजे, एवढ्यासाठी.

"पण मला सांगायचं ना अण्णा. मी भरून दिलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," ते म्हणाले. "तू भरून दिलं असतंस, तर रविवारी मी तिथं बसून काय करायचं होतं?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग म्हटलं की तुम्ही भांडायला बसायचं. या घरात पेनावरून भांडता येणारं दुसरं कोण आहे? तुमच्या मुलाला विचारू का? अण्णा हसले. या वेळी खरोखर हसले. मग त्यांनी पेनाची मान मुठीत धरली, ठोकळ्यावर आणली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नेम लागला आणि टक् झालं.

"दुधाची पिशवी फुटली," ते म्हणाले.

दिवसाला दहा-बारा नावं व्हायची. लेकीच्या पेनाची निब परकी आहे, अशी तक्रार दोन दिवस चालली, मग बंद झाली. अण्णा म्हणाले होते तसंच होतं. हवेत नाचणारा हात कागदाला टेकला की शहाण्यासारखा चालायचा. फक्त आडनावाशी येईस्तोवर अक्षर थोडं थोडं बारीक होत जायचं. काही फार बारीक झालेली नावं मी पुन्हा लिहिण्यासाठी काढून ठेवली, तर त्यांनी ती परत गठ्ठ्यात घातली. वाचता येतंय ना, मग असू दे, असं म्हणाले. वेलांटीसाठी पत्रक बदलणारा माणूस असं म्हणाला, याचं मला बरंही वाटलं आणि वाईटही.

मी कॉलेजला जाताना सहा कार्ट्रिज भरून ठोकळ्यात लावायची. संध्याकाळी एखाद-दुसरी रिकामी असायची. पेन बंद करण्यापूर्वी अण्णा नवी कार्ट्रिज स्वतः बसवत, मी मदतीला हात पुढे केला की नजरेनेच दटावत.

पंधराव्या दिवशी शिपाई आला. अण्णांनी गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. त्याने वरची पाच-सहा पत्रकं उलटून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि तो मोकळा झाला.

"तेच अक्षर हाय, सर," तो म्हणाला. मग पिशवीत गठ्ठा नीट बसवता बसवता विचारलं, "साहेबांना काय सांगू? पुढल्या सालीबी आनू का?"

हा माणूस अण्णांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबला होता. त्याच्या देखत ते हात टेबलाखाली घेतील असं मला वाटलं. त्यांनी उजवा हात उचलला, तो हवेत थरथरत होता, आणि त्या तशाच हाताने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिला विचार," ते म्हणाले. "माझं पेन आता ही भरते."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं.

"आणा," मी म्हटलं.